हात ठेवलेलं पोतं

मी छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोत्यांत परखी खुपसत आलो. मेहकरच्या बाजारात एका अडत्याकडे माल तपासायचं काम माझ्याकडे होतं. परखी म्हणजे वीतभर लांबीची टोकदार लोखंडी नळी, वरून उघडी. पोत्याच्या विणीतून आत घातली की मूठभर दाणे घसरत तळहातावर येतात. ते पाहायचे, हुंगायचे, एखादा दाताखाली फोडायचा आणि सांगायचं, माल कोरडा आहे, ओला आहे की डागी. माझ्या शब्दावर भाव ठरायचा. त्यामुळे स्वभावात एक खडूसपणा आला तो आलाच. लग्नाच्या पंगतीतल्या भातातही मी आधी खडा शोधतो, असं बायको म्हणते. खोटं नाही.

आमच्याकडे तेव्हा एक रीत होती. कागदावर कुठं नव्हती, पण सगळे पाळायचे. शेतकरी पोत्यांची रांग लावून उभा राहिला आणि त्यानं एखाद्या पोत्यावर हात ठेवला, तर त्या पोत्यात परखी घालायची नाही. ते घरचं. बियाण्याला नाहीतर खायला ठेवलेलं, गाडीत चुकून आलेलं. हर्रासात, म्हणजे लिलावात, ते धरायचं नाही, सोडून पुढं जायचं. आता त्यातली खरी घरची किती आणि पाणी लागलेली किती, हे मला पाच पावलांवरून कळायचं. एक ओलं पोतं सापडलं की सगळ्या रांगेचा भाव उतरायचा, म्हणून लोक ते हाताखाली झाकायचे आणि बोली झाल्यावर हळूच थप्पीत सरकवायचे. घरच्या पोत्यावरचा हात नुसता ठेवलेला असतो. लपवायच्या पोत्यावरचा हात दाबलेला असतो. मी दोन्ही हातांचा मान राखत पुढं जायचो, आणि नंतर थप्पी लागताना दुसऱ्या प्रकारचं पोतं बरोबर बाहेर ओढायचो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मला लघवीचा त्रास सुरू झाला. कुठंही गेलो की आधी मुतारी कुठं आहे ते पाहून ठेवायचं. एसटीत बसायचं तर सकाळपासून पाणी प्यायचं नाही. मूळव्याध झाली तर आपल्याकडचा पुरुष माणूस चारचौघांत औषध विचारतो, पण या गोष्टीचं नाव काढत नाही. मीही काढलं नाही. बायकोनंच एक दिवस तोंडावर सांगितलं, "तुमी धा मिन्टाले उठून राह्यले. डागदरले दाखवा, नाईतं मीच जाऊन सांगतो त्याले."

रक्त तपासलं. त्यात पीएसए नावाचं काहीतरी वाढलेलं निघालं. मग सुईची तपासणी झाली, तिला बायोप्सी म्हणतात. प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते पुरुषाला, तिच्यात बारा ठिकाणी सुई घालून बारा बारीक तुकडे काढले. बाराही स्वच्छ आले. मी यार्डात पेढे वाटले. हमालांना वाटले, चहावाल्याला वाटले, माझ्याशी दोन वर्षं न बोलणाऱ्या मापाऱ्यालाही वाटले.

आणि इथं माझी चूक झाली. ती दुसऱ्या कोणी केली असती तर मी त्याला मूर्ख म्हटलं असतं. पोत्यातून स्वच्छ दाणे आले म्हणजे पोतं स्वच्छ, असं मानणाऱ्या पोरसवदा खरेदीदारांना मी जन्मभर हसलो होतो. परखी जिथं गेली तिथला माल स्वच्छ, एवढंच त्यावरून कळतं. तरी त्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं नाही, की बारा जागा कोणत्या? विचारायचंच नव्हतं. त्यांनी सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायला बजावलं होतं. पहिल्या वेळी सोयाबीनचा हंगाम होता, दुसऱ्या वेळी पुतणीचं लग्न निघालं. तिसऱ्या वेळी मी कारण शोधायचेही कष्ट घेतले नाहीत.

दोन वर्षांनी बायकोनं हट्टानं मला रक्त तपासायला नेलं. आकडा दुपटीच्या वर गेला होता. डॉक्टरांनी संभाजीनगरच्या एका हॉस्पिटलसाठी चिठ्ठी दिली. तिथं आधी एमआरआय झाला. त्या नळकांड्यात पडून मी धडधड ऐकत होतो. ती यंत्राची किती आणि माझ्या छातीची किती, हे कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिथल्या तरुण डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला. करड्या रंगाचं एक चित्र. त्यात पुढच्या बाजूला, एका कोपऱ्यात, नखाएवढी लाल खूण.

"हे लाल कोनं रंगवलं?" बायकोनं विचारलं.

"संगणकानं, काकू. एआय म्हणतात ना, ते. त्यानं हजारो माणसांचे असे फोटो पाहिलेत. त्यांच्या सुईच्या तपासणीत पुढे काय निघालं, तेही त्याला दाखवलेलं आहे. त्यावरून ते सांगतं, की या जागेवर संशय घ्या."

"म्हंजे कॅन्सर दिसला त्याले?"

"संशय दिसला. कॅन्सर आहे की नाही, ते तिथला तुकडा काढून तपासल्यावरच कळेल."

मी म्हणालो, "मांगच्या बारीले बारा तुकडे काढले होते साहेब. सगळे चांगले निंघाले."

"त्यांनी काम नीटच केलंय, काका. पण त्या बारा जागा ठरलेल्या असतात, आणि बऱ्याचशा मागच्या बाजूला. ही जागा पुढे आहे. त्यांच्या वाटेतच ती आली नाही."

पुढच्या बाजूला, कोपऱ्यात. पोत्याच्या शिवणीजवळचा कोपरा असतो, तिथं परखी तिरपी घालावी लागते, म्हणून घाईत कोणी घालत नाही. मला माल लपवायचा असता तर मीही तिथंच लपवला असता.

"हे मशीन चुकते का?" मी विचारलं.

"चुकतं. नसलेलं दाखवतं, कधी असलेलं सोडून देतं. म्हणून मी स्वतः फोटो पाहतो. पण मलाही तिथंच शंका आहे."

यातलं "चुकतं" एवढंच मी घट्ट धरलं. पुढचं वाक्य मी ऐकलंच नव्हतं, असं स्वतःला पटवून टाकलं.

मग डॉक्टरांनी समजावलं. तपासणीच्या वेळी चालू सोनोग्राफीचं चित्र समोर असतं. संगणक एमआरआयमधली लाल खूण त्या चित्रावर बसवतो आणि सुई त्या खुणेच्या दिशेनं जाते. "तुमचं काम एकच," ते म्हणाले. "हलायचं नाही. तुम्ही सरकलात तर खूण जुन्याच जागी राहते आणि खरी जागा पुढे जाते. जास्त हललात तर माझ्या लक्षात येईल, पण बोटभर सरकलात तर येईलच असं नाही. हललात तर लगेच सांगा. मी पुन्हा जुळवून घेईन."

तारीख आठ दिवसांनंतरची मिळाली. ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. जेवणावरून उठायचो. वर्तमानपत्रातलं तेच पान पुन्हा पुन्हा वाचायचो. बायको बालाजीच्या देवळात गेली की मी बाहेर पायरीवर बसायचो, कारण आत जाऊन काय मागायचं ते ठरत नव्हतं. यंत्र चुकू दे, असं मागायचं? देवानं असलं काही कधी ऐकलं नसेल.

यंत्रावर माझा जुना राग होता. दहाएक वर्षांपूर्वी यार्डात ओलावा मोजायचं यंत्र आलं, तेव्हा मी त्याच्यावर भरपूर तोंडसुख घेतलं. दाणे टाकले की आकडा दाखवायचं. बहुतेक वेळा ते आणि मी एकच सांगायचो. पण कधीकधी फरक पडायचा आणि मालक मला बोलायचे. खरं कारण मी त्यांना कधी सांगितलं नाही. पोत्याशेजारी उभ्या माणसाचा चेहरा पाहिला की माझी जीभ थोडी ढिली व्हायची. यंत्र चेहरा पाहत नव्हतं. तेव्हा मी तेच त्याचं वैगुण्य म्हणून सांगत फिरायचो. आता मला वाटत होतं, त्या संभाजीनगरच्या संगणकानं एकदा माझा चेहरा पाहावा आणि ती लाल खूण जरा फिकी करावी.

हे मी बायकोला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तुमी काय त्या मशीनीसंग भाव करून राह्यले का?" आणि हसली. मग पदरानं तोंड पुसत आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी तिनं माझा चष्मा आणि दुपट्टा आपल्याजवळ ठेवून घेतला. आत मला टेबलावर झोपवून पाय वर बांधले. कमरेखाली कपडा नाही, वर नर्सच्या कपड्यातली एक परकी पोर अदबीनं माझं वय विचारते, आणि मी तिला "चालू सहासष्ट" असं हिशेबी उत्तर देतोय. लाजेनं मरायचं राहिलं. पण लाज परवडली. भीती तिच्यापेक्षा मोठी होती.

बधिर करायचं इंजेक्शन दिलं. डोकं वळवलं तर पडदा मला दिसत होता. करड्या चित्रात ती लाल खूण येऊन बसली. डॉक्टर म्हणाले, "आधी लाल जागेतले दोन घेतो, मग बाकीचे नेहमीचे. टक् असा आवाज होईल. घाबरू नका."

सुईची रेघ पडद्यावर पुढं सरकू लागली. खुणेच्या जवळ, अजून जवळ. आणि माझा उजवा हात छातीवरून उठला आणि खाली मांडीकडे गेला. मी तो नेला नाही. तो गेला. नर्सनं तो वरच्या वर धरला आणि "काका, काका" म्हणत परत छातीवर ठेवला. पण हाताबरोबर माझी कंबर सरकली होती. वीतभर नाही, बोटभर.

"काका, हललात का?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांची नजर पडद्यावर होती.

"नाई," मी म्हणालो.

हा "नाई" मी आयुष्यात हजारदा ऐकला आहे. पाणी लागलं का? नाई. माल मिसळलेला आहे का? नाई भाऊ. तो कसा निघतो तोंडातून, हे मला त्या दिवशी कळलं. विचार करायला वेळच लागत नाही त्याला.

टक्. टक्. पांढऱ्या दोऱ्यासारखे दोन तुकडे दोन डब्यांत गेले. पडद्यावर सुई बरोबर लाल खुणेतून गेलेली दिसत होती. संगणकाचं समाधान, डॉक्टरांचं समाधान. खूण जुन्या जागी आहे आणि मी नव्या जागी, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

लपवत नाही, मला आनंद झाला. भीती एकदम सैल पडली. पुन्हा स्वच्छ कागद येणार, पुन्हा पेढे, पुन्हा दोन वर्षं. मापाऱ्याचा चेहरासुद्धा डोळ्यांपुढं आला. आणि त्याच्यामागून, काही कारण नसताना, तुरीवाली बाई आली.

तिचं नाव मला कधीच माहीत नव्हतं. लोणारकडच्या एका खेड्यातली, नवरा गेलेला, स्वतः शेती करणारी. सात पोती तूर घेऊन आली होती आणि शेवटच्या पोत्यावर हात दाबून उभी होती. मी सहा पोती पाहिली. माल सोन्यासारखा होता. सातवं रीतीप्रमाणे सोडलं आणि वळलो, तेवढ्यात ती म्हणाली, "भाऊ, थांबा. ह्याच्यातूनबी काढा. पानी लागेल हाये त्याले."

"बाई, तुमी हात ठेवला होता ना? म्या सोडलं ते."

तिनं हात उचलला. "घरी नेऊन तरी काय करू? बाकीच्यायलेबी लागन ते."

परखी घातली तर काळे, चिकट दाणे हातावर आले. भपकारा आला. रीतीप्रमाणे सगळ्या रांगेचा भाव उतरवायला हवा होता. मी ते एक पोतं बाजूला काढलं आणि सहा पोती चांगल्या मालात लावली. मालक चिडले, मी ऐकून घेतलं. बाई तिचं ओलं पोतं उन्हात पसरवायला घेऊन गेली. मी तेव्हा तिला धीराची म्हटलं होतं आणि विसरून गेलो होतो. ती किती घाबरलेली असेल, हे टेबलावर पडल्यापडल्या माझ्या ध्यानात आलं. पोत्यावरून उचललेला तो हात तिनं पदरात गुंडाळून घेतला होता. मी पाहिलं होतं ते.

"आता बाकीचे बारा घेतो," डॉक्टर म्हणत होते.

"साहेब," मी म्हणालो.

"दुखतंय का?"

"नाई. मी हललो होतो. तुमी इचारलं तवा खोटं बोललो."

मला वाटलं आता ते ओरडतील. त्यांनी सुई बाजूला ठेवली. "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणाले आणि चित्र पुन्हा जुळवायला लागले. मी पडद्याकडे पाहत होतो. लाल खूण हळूच सरकली आणि दुसरीकडे जाऊन बसली. फरक किती, तर तुरीच्या दाण्याएवढा.

नर्सनं आता माझे दोन्ही हात धरूनच ठेवले होते. टक्. टक्. तिसरी डबी, चौथी डबी. मग बाकीचे बारा. मी नखाइतकाही हललो नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

निकालाला दहा दिवस लागले. बायकोला मी टेबलावरचं काही सांगितलं नाही. त्या दहा दिवसांत मी दोन बाजूंनी घाबरत होतो. तीन आणि चार नंबरच्या डब्यांत काही निघालं तर काय, ही एक भीती. आणि काहीच निघालं नाही तर आपण उगाच त्या तरुण डॉक्टरांसमोर नाक कापून घेतलं, असं वाटेल का, ही दुसरी. माणूस मेला तरी त्याचा अहंकार उठून बसेल.

कागदावर सोळा ओळी होत्या. डॉक्टरांनी बोट ठेवून वाचून दाखवलं. डबी एक, काही नाही. डबी दोन, काही नाही. डबी तीन, कॅन्सर. डबी चार, कॅन्सर. पाचपासून सोळापर्यंत काही नाही.

ऐकताना कानात शीळ वाजत होती. डॉक्टर सांगत होते, दर्जा मधला आहे. अगदी संथ नाही, फार आक्रमकही नाही. सोडून देण्यासारखा नाही. ग्रंथीच्या बाहेर गेलेला दिसत नाही, तरी अजून एक स्कॅन करून खात्री करू. उपाय आहेत, एकापेक्षा जास्त आहेत, पुढच्या आठवड्यात बसून ठरवू. मी मान हलवत होतो. छत्तीस वर्षं मी लोकांच्या मालाचा दर्जा सांगितला, आणि लोक अशीच मान हलवायचे. त्यांना त्यातलं काय ऐकू जात असेल, असा विचार मी कधी केला नव्हता.

बायको कागदाकडे पाहत होती. तिचं शिक्षण चौथीपर्यंत, पण तिच्या नजरेतून काही सुटत नाही. तिनं डॉक्टरांना विचारलं, "एक आन् दोन नंबरबी लाल जागचेच होते ना? मंग त्याच्यात काऊन नाई निंघालं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "ते काका सांगतील," ते म्हणाले.

काकांनी तिथं सांगितलं नाही. परतीच्या एसटीत, जालना सोडल्यावर, सांगितलं. हात कसा खाली गेला, कंबर कशी सरकली, मी काय बोललो आणि मग किती वेळानं काय बोललो, सगळं. ती खिडकीबाहेर पाहत ऐकत होती. सिंदखेडराजा आलं. मला वाटलं, आता ऐकवेल. तिनं ऐकवावं असं वाटतही होतं.

"आन् तुमी नसतं सांगितलं तं?" ती शेवटी म्हणाली.

मी समोरच्या बाकाकडे पाहत राहिलो.

"भेव वाटलं होतं का?"

"हाव."

"आता?"

मी तिच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात हा शब्द मी तिच्यापुढं कधी उच्चारला नव्हता. पिकं गेली, आई गेली, तेव्हाही नाही. "लय भेव वाटते," मी म्हणालो.

गाडी भरलेली होती. समोरच्या बाकावर गावातली ओळखीची माणसं होती, मागं लग्नाचं वऱ्हाड. तिनं चारचौघांत कधी माझ्या अंगाला हात लावला नव्हता. त्या दिवशी तिनं रिपोर्टची पिशवी मांडीवरून खाली पायाशी ठेवली, पदर सारखा केला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. कंडक्टर आला तेव्हा दुसऱ्या हातानं तिकिटं दाखवली. तो हात दाबलेला नव्हता. नुसता ठेवलेला होता, आणि मेहकर येईपर्यंत तिनं तो काढला नाही.